तलावांत १० टक्के पाणी म्हणजे मुंबईला किती दिवस पुरेल?

जून उजाडला की व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतो, 'सात तलावांत फक्त इतके टक्के पाणी!' हा आकडा नेमका वाचायचा कसा? चला, सोप्या भाषेत पाहूया.

हे टक्के कशाचे?

मुंबईचे सात तलाव म्हणजे अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. शेवटचे दोन मुंबईत आहेत, बाकीचे ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत. सगळे काठोकाठ भरले की वापरण्याजोगा साठा होतो सुमारे १४.४७ लाख दशलक्ष लिटर. त्यातला जवळपास निम्मा एकट्या भातसात.

दिवसांचा हिशोब

शहराला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी दिलं जातं. म्हणजे,

• १० टक्के = सुमारे ३७ दिवस
• १०० टक्के = सुमारे ३७० दिवस

यात बाष्पीभवन धरलेलं नाही. थोडक्यात, तलाव पूर्ण भरले तरी जेमतेम एका वर्षाची सोय होते. पाऊस लांबला की कपात येते. २०२४ मध्ये ५ जूनपासून १० टक्के कपात झाली, ती म्हणूनच.

मग धरणाशेजारच्या गावांचं काय?

भातसा आणि तानसा शहापूर तालुक्यात आहेत. तरी तिथल्या कित्येक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. धरण जवळ असून भागत नाही, गावापर्यंत पाणी नेणारी नळयोजना लागते. महानगराच्या पाण्याचं नियोजन करताना हा हिशोबही मांडायला हवा.

साठा भरपूर म्हणजे पाणी शुद्ध?

नाही. बहुतेक पाणी भांडुप आणि पांजरापूरच्या केंद्रांत गाळून, क्लोरीन टाकून पुढे जातं. पण पुरवठा ठरावीक वेळेत असतो. तो बंद झाला की पाइपमधला दाब उतरतो आणि गळतीच्या जागेतून बाहेरचं घाण पाणी आत शिरू शकतं. टीडीएस मीटर फक्त विरघळलेले क्षार मोजतो, जंतू नाही. पाणी गढूळ आलं किंवा वास आला तर वॉर्ड ऑफिसला कळवा आणि तोवर उकळून प्या.

मेसेज फॉरवर्ड करण्याआधी

तारीख बघा, आणि गेल्या वर्षी त्याच दिवशी किती साठा होता तेही बघा. १० टक्के जूनअखेरीस असतील तर पावसाकडे डोळे लावता येतात. तेच मार्चमध्ये असतील तर मोठं संकट!