भद्राचलमच्या वाटेवरचा दगड

भद्राचलमला रामाच्या दर्शनाला निघालेली मंडळी येल्लंदूच्या रानात मुक्कामाला थांबली. दगड मांडून चूल पेटवली, भात शिजत आला आणि चुलीचा एक काळा दगडच धगधगायला लागला. सगळे घाबरून उठले. आजोबांची ही गोष्ट इथवर आली की आम्ही मुलं विचारायचो, "आणि भात?" आजोबा म्हणायचे, "प्रसाद म्हणून खाल्ला की!"

कागदोपत्री इतिहास वेगळा आहे. 1871 मध्ये भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या डॉ. विल्यम किंग यांना येल्लंदूजवळ कोळसा सापडला, असं तो सांगतो. तिथल्या एका थराला किंग यांचंच नाव आहे. तरी मला आजोबांची गोष्ट टाकवत नाही. अनोळखी रानात शिरलेल्या साहेबाला 'इथला दगड पेटतो' असं सांगणारं कुणीतरी भेटलंच असणार.

पुढचं सगळं पैशाचं. 1886 मध्ये लंडनला हैदराबाद डेक्कन कंपनी निघाली आणि निझामाच्या मुलखातल्या खनिजांचे हक्क तिच्याकडे गेले. या व्यवहारातले मध्यस्थ अब्दुल हक हे निझामाचेच अधिकारी. त्यांनी आपल्या वाट्याचे शेअर निझाम सरकारच्याच गळ्यात मारले. प्रकरण इतकं चिघळलं की 1888 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटला चौकशी समिती नेमावी लागली. त्याच सुमारास येल्लंदूपर्यंत रूळ पोचले आणि 1889 मध्ये कोळसा निघू लागला. 1920 मध्ये तिचा सगळा कारभार सिंगरेणी कॉलरीज या नव्या कंपनीकडे गेला. 1945 मध्ये बहुतांश शेअर घेऊन निझाम सरकारनं ती ताब्यात घेतली.

आजोबा काचीगुड्याच्या शेडमध्ये फायरमन होते. मनमाडची मीटरगेज गाडी त्यांच्या हातची. परभणी, नांदेडकडची किती मराठी घरं पोराबाळांसकट, ट्रंका-वळकट्यांसकट त्या गाडीनं हैदराबादला आली! सुलतान बाजारातला आमचा वाडाही त्यातलाच. इंजिनात कधी बंगालकडचा राणीगंज, झरियाचा कोळसा पडायचा, कधी गोदावरीच्या खोऱ्यातला सिंगरेणीचा. दोन्ही गोंडवन काळातले, पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलांचे. आजोबा मात्र त्यांना राखेवरून ओळखत. "बंगालचा माल असला की हात जरा मोकळा," म्हणायचे. "सिंगरेणीचा राख फार करतो. सारखी जाळी खडखडवावी लागते, नाहीतर चढावर वाफ पडते." त्यांच्या उजव्या मनगटावर ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग शेवटपर्यंत होते.

आत्या राजुऱ्याला दिली होती. शेजारीच सास्तीचा कोळसा. राजुरा तेव्हा निझामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं. 1956 मध्ये ते मुंबई राज्यात गेलं आणि आत्याचं माहेर एका रात्रीत परराज्यात पडलं. खालचा कोळशाचा पट्टा वर्धेच्या खोऱ्यापासून गोदावरीपर्यंत पसरलेला होता, तसाच राहिला.

आमच्या घरच्या गोष्टींत कोळसा वॅगनमधून सुरू होतो. तो खणणारा माणूस त्यांत कुठेच नाही, ही उणीव मला फार लागते. म्हणून येल्लंदूला गेले. खाणीतून निवृत्त झालेल्या एका वृद्धांना 'तातगारू', म्हणजे आजोबा, म्हणत मोडक्या तेलुगूत विचारत राहिले. शेअरचं, लंडनचं त्यांना काही सांगायचं नव्हतं. ते छताबद्दल बोलले. लोखंडी खांब गुपचूप वाकतो. लाकडी धिरा आधी करकरतो, म्हणून त्याच्यावर भरवसा जास्त. पाळी सुरू होताना काठीनं छत ठोकून पाहायचं. त्यांनी काठी घेतली आणि आधी घराच्या दगडी भिंतीवर मारली. टणक, कोरडा आवाज. मग पोकळ दारावर मारली. ढब्ब. हा आवाज आला की फावडं, टब जिथल्या तिथे टाकून मागे फिरायचं. त्यांच्या वडिलांनी हे दोन आवाज त्यांना याच भिंतीवर, याच दारावर ऐकवले होते, पहिल्यांदा खाली उतरायच्या आदल्या संध्याकाळी.