मंदावलेल्या फोनचा हिशेब

श्रोतेहो, इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राज्यारोहणे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. आज मी जे प्रकरण सांगणार आहे ते २०१७ सालचे आहे, आणि त्यातला नायक म्हणजे आपला जुना फोन आणखी वर्ष-दोन वर्षे चालावा एवढीच इच्छा असलेले सामान्य गिऱ्हाईक होय.

पूर्वी फोनची पाठ नखाने उघडत असे. बॅटरी निकामी झाली तर चौकातल्या दुकानातून दुसरी आणावी, बसवावी आणि कामाला लागावे. २००७ साली ॲपल कंपनीचा पहिला आयफोन आला तो पाठ बंद करूनच. पुढे आयफोन ४ या फोनला या कंपनीने पाच पाकळ्यांच्या खाचेचे स्क्रू लावले. घरातला पेचकस त्यांना लागेना. (दुरुस्तीवाल्यांनी तसले पेचकस लवकरच पैदा केले, हे सांगावयास नकोच!) वस्तू आपली, पैसे आपण मोजलेले, पण आत डोकावण्याची सोय मात्र राहिली नाही.

आता बॅटरीचा स्वभाव पाहू. लिथियमची बॅटरी वापराने म्हातारी होते. तिच्यात साठा कमी मावतो, शिवाय तिचा अंतर्गत रोध वाढतो. फोनने एकदम जास्त शक्ती मागितली की दाब खाली येतो आणि फोन पटकन बंद पडतो. २०१६ साली पुष्कळांचे फोन तीस-चाळीस टक्के चार्ज शिल्लक असताना असे बंद पडू लागले. कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये १०.२.१ क्रमांकाची नवी प्रणाली फोनवर पाठविली. बंद पडणे पुष्कळ कमी झाले. पण ते कसे कमी झाले? बॅटरी जीर्ण असेल तर फोनचा वेगच आखडता घ्यावयाचा, ही ती युक्ती. युक्ती तांत्रिकदृष्ट्या अगदी निराधार होती असे मी म्हणणार नाही. परंतु ज्याच्या खिशात फोन होता, त्याला ती स्पष्टपणे कोणी सांगितलीच नाही. त्याला वाटले, फोन जुना झाला, आता नवा घ्यावा.

डिसेंबर २०१७ मध्ये एका वापरकर्त्याने रेडिट या संकेतस्थळावर लिहिले की, आपला मंदावलेला आयफोन नवी बॅटरी घालताच पूर्ववत धावू लागला, आणि पुरावा म्हणून आधीच्या व नंतरच्या चाचणीचे आकडे दिले. मग दुसऱ्याने आपला फोन तपासला, तिसऱ्याने तपासला. टोरंटोच्या प्रायमेट लॅब्सचे जॉन पूल यांच्यापाशी लोकांनी आपापल्या फोनवर घेतलेल्या अशा चाचण्यांचा मोठा साठा होता. त्यांनी १८ डिसेंबरला आलेख प्रसिद्ध केला. १०.२ या प्रणालीवर आयफोन ६एसचे गुण एकाच जागी दाटलेले होते, १०.२.१ नंतर खालच्या अंगाला निरनिराळे पुंजके उमटले. वय झाले म्हणून यंत्र असे पायऱ्यापायऱ्यांनी मंदावत नसते. दोनच दिवसांनी कंपनीने कबुली दिली, आणि २८ तारखेस माफी मागितली.

आम्हा संघटनेच्या माणसांना हा प्रकार ओळखीचा वाटतो. पीसरेटवर काम करणारा मजूर मजुरी कमी हाती आली की आपलाच हात मंदावला असे समजून गप्प बसतो. चौघांनी पगाराच्या चिठ्ठ्या एका दिव्याखाली शेजारी शेजारी मांडल्या, म्हणजे कळते की दरच बदलला आहे. रेडिटवरच्या त्या मंडळींना कोणी पुढारी नव्हता, वर्गणी नव्हती. त्यांनी चिठ्ठ्या मात्र शेजारी मांडल्या.

माफीबरोबर बॅटरी बदलून देण्याचा दरही उतरला: अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ वर, आपल्याकडे ६,५०० रुपयांवरून करांव्यतिरिक्त २,००० वर. म्हणजे इतके दिवस काय चालले होते, याचा विचार श्रोत्यांनीच करावा. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी भागधारकांना पत्र लिहून विक्री अपेक्षेहून कमी झाल्याचे कळविले. मुख्य कारण चीनमधील मंदी. पण स्वस्तात बॅटरी बदलून लोक जुनाच फोन वापरीत राहिले, हेही कारण त्या पत्रात नमूद आहे. दुरुस्ती आणि विक्री यांचे वैर इतक्या सरळपणे क्वचितच लिहिले गेले असेल.

पुढे फ्रान्सच्या ग्राहकसंरक्षण खात्याने २०२० साली अडीच कोटी युरोंचा दंड केला. अमेरिकेत दोष मान्य न करता कंपनीने ५० कोटी डॉलरपर्यंत देण्याची तडजोड केली. तिचे पैसे, दर दाव्यामागे सुमारे ९२ डॉलर, लोकांच्या हाती पडावयास जानेवारी २०२४ उजाडला. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या फोनांचे महत्त्वाचे सुटे भाग, विक्री थांबल्यावरही सात वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन आले आहे. भारत सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढले, पण युरोपसारखे बंधन त्याने येत नाही.

मला स्वतःला मात्र दंडापेक्षा मार्च २०१८ मधली एक लहानशी गोष्ट मोलाची वाटते. त्या महिन्यात आलेल्या ११.३ या प्रणालीत बॅटरीची शक्ती नव्याच्या मानाने किती टक्के उरली, हा आकडा गिऱ्हाइकाला प्रथमच फोनवर पाहता आला, आणि वेगावरचा तो लगाम नको असेल तर काढण्याची मुभाही मिळाली. ज्यांच्यापाशी हा फोन असेल त्यांनी घरी गेल्यावर सेटिंग्जमध्ये जाऊन तो आकडा वाचावा. फोन मंद वाटत असेल, तर नव्या फोनच्या दुकानाआधी बॅटरीवाल्याकडे चौकशी करावी.