युद्धविरामाच्या आदल्या दिवशी

पहिल्या महायुद्धाची अखेर म्हटली की ११ नोव्हेंबर १९१८ ही तारीख सांगितली जाते. त्या दिवशी सकाळी १०.५९ वाजता, तोफा थंडावण्यास अवघे एक मिनिट उरले असताना, फ्रान्समध्ये धारातीर्थी पडलेला अमेरिकन सैनिक हेन्री गुंथर नावानिशी इतिहासात राहिला. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढणाऱ्या मराठा पलटणींचे तुर्कांशी युद्ध मात्र ऑक्टोबरअखेरीसच थांबले होते. तेथेही अखेरच्या घटकेला माणसे पडली.

या पलटणींच्या भरतीचा एक मोठा आधार सातारा जिल्हा होता. तो जिल्हा आजच्यापेक्षा विस्तीर्ण होता. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके त्यातच मोडत. सांगली, मिरज व जत ही संस्थाने वेगळी होती. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे महायुद्धाच्या कागदपत्रांत ‘सातारा’ असा उल्लेख आढळला, तर तो सैनिक आजच्या सांगली जिल्ह्यातील एखाद्या गावचाही असू शकतो.

मेसोपोटेमियाची मोहीम मराठ्यांना आधीच महागात पडली होती. जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालील सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडलेल्या या सैन्याने २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली. पुढे कैदेतील पायपीट, उपासमार व रोगराई यांनी असंख्य शिपाई दगावले. टाउनशेंड स्वतः कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर आरामात राहिले. ऑक्टोबर १९१८ मध्ये तुर्कांनी तहाच्या बोलण्यांसाठी मध्यस्थ म्हणून त्यांनाच सोडून दिले.

म्हणजे तहाची बोलणी सुरू होणार हे उघड झाले होते. तरीही लंडनहून आलेला हुकूम असा होता, की युद्ध थांबण्यापूर्वी टायग्रिसच्या काठाने शक्य तितका मुलूख ताब्यात घ्यावा. मोसुल व तेथील तेलाकडे ब्रिटनची नजर होती. २३ ऑक्टोबरला जनरल कॉब यांच्या फौजेने आगेकूच केली. घोडदळाने नदी ओलांडून तुर्की सेनापती इस्माइल हक्की यांची मोसुलकडे जाणारी वाट रोखली; १७ वे भारतीय डिव्हिजन पश्चिम काठाने पायी पुढे सरकले. प्राचीन असुर नगरीच्या अवशेषांजवळील शरकात येथे २९ ऑक्टोबरला अखेरचा मोठा हल्ला झाला.

त्यात ११४ वी मराठा पलटण होती. या लढाईसाठी तिला शौर्याची २८ पदके मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी, फळी पूर्णपणे फुटलेली नसतानाही, हक्की यांनी आपल्या माणसांचे प्राण वाचवण्यासाठी शस्त्रे खाली ठेवली. सुमारे ११,३०० तुर्क कैद झाले. कॉब यांच्या फौजेची हानी, मृत व जखमी मिळून, १,८८६ होती. त्याच दिवशी, ३० ऑक्टोबर रोजी, मुद्रोस बंदरात ब्रिटिश युद्धनौकेवर तहावर सह्या झाल्या. ३१ तारखेच्या दुपारी तो अमलात आला. मोसुल ब्रिटिशांनी घेतले ते त्यानंतर, नोव्हेंबरमध्ये. युद्धविराम झाल्यावर ते घेण्याचा हक्क त्यांना होता काय, हा वाद पुढे बरीच वर्षे चालला. तेव्हा शरकातला पडलेल्यांनी नेमके काय मिळवून दिले, हा प्रश्न लष्करी इतिहासकारांनी ज्या सहजतेने बाजूला ठेवला आहे, तितका तो सोपा नाही.

घरीही तो महिना बरा नव्हता. ऑक्टोबर १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची साथ मुंबई इलाख्यात शिगेला पोचली होती आणि पावसाने दगा दिला होता. रणात गेलेल्याची वाट पाहणाऱ्या घरांतूनच माणसे जात होती.

मेसोपोटेमियातील ज्या मृतांची थडगी ज्ञात नाहीत, त्यांच्यासाठी १९२९ मध्ये बसरा येथे स्मारक उभारले गेले. त्यावर ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. परंतु त्याच्या फलकांवर भारतीयांपैकी केवळ अधिकाऱ्यांची नावे कोरण्यात आली. शिपायांचा उल्लेख पलटणीच्या नावाखाली निव्वळ संख्येने झाला. स्मारकांबाबत असा भेदभाव झाल्याचे कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाने २०२१ च्या अहवालात मान्य केले. हे स्मारक १९९७ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या आदेशाने बसऱ्यापासून ३२ किलोमीटरवर, नासिरियाच्या रस्त्यालगत हलवण्यात आले.

गावाकडची गत फारशी निराळी नाही. सातारा-सांगली भागातील काही गावांत ब्रिटिश सरकारने बसवलेल्या स्मृतिशिला आहेत. गावातून किती जण युद्धावर गेले आणि किती कामी आले, एवढेच त्या सांगतात. सातारा तालुक्यातील अपशिंगे (मिलिटरी) येथील मृतांचा आकडा ४६ आहे. अशा शिलांवर युद्धाचा काळ बहुधा १९१४ ते १९१९ असा दिलेला असतो.

११४ वी पलटण १९२२ च्या पुनर्रचनेत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची प्रशिक्षण बटालियन झाली. ‘शरकात’ हा युद्धसन्मान तिच्या नावे नोंदला गेला.