आधी राजाचे देणे

कंपनी बुडाली की तिची जागा, शेड आणि यंत्रे विकून आलेली रक्कम सगळ्या देण्यांना पुरत नाही. म्हणून धनकोंची रांग लावावी लागते, आणि रांगेत कोण कुठे उभा राहतो यावरच कोणाला काय मिळणार हे ठरते. नागपूरजवळच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीत मोठ्या कारखान्यांच्या आधाराने लेथवाले, पत्रा कापणारे, खोकी पुरवणारे, मालवाहतूक करणारे असे कितीतरी छोटे व्यावसायिक जगतात. त्यांचा माल उधारीवर जातो. कारखाना बंद पडला तर या रांगेत त्यांची जागा कोणती, याचे उत्तर शोधायला दीडशे वर्षे मागे आणि मुंबईला जावे लागते.

१८६५ साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतील शेअरचा फुगा फुटला. त्या पडझडीनंतर, १८६८ मध्ये, ‘बॉम्बे लँडिंग अँड शिपिंग कंपनी’चे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे आले. कंपनी अवसायनात होती आणि सरकारचेही तिच्याकडे येणे होते. इंग्लंडमध्ये राजाच्या हुकूमनाम्याच्या कर्जाला जो अग्रक्रम आहे, तोच मुंबईतही आहे. खास कायद्याने तो काढून घेतला नसेल तर तो कायम राहतो, असा निर्णय न्या. वेस्ट्रॉप यांनी दिला. इंग्लंडचा जुना राजनियम असा न्यायनिवाड्याच्या वाटेने मुंबईत स्थिरावला.

स्वातंत्र्य आले, राजा गेला. नियम मात्र राहिला. १९५५ मध्ये ‘बँक ऑफ इंडिया विरुद्ध जॉन बोमन’ या खटल्यात मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी त्याची मर्यादा सांगितली: दोन देणी एकाच दर्जाची असतील तरच सरकारचे आधी. म्हणजे ज्याच्याकडे तारण आहे तो सरकारच्याही पुढे, आणि ज्याच्याकडे काही नाही तो मागे. १९६५ मध्ये ‘बिल्डर्स सप्लाय कॉर्पोरेशन’ प्रकरणात सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी हा नियम राज्यघटनेच्या ३७२ व्या अनुच्छेदाखाली प्रजासत्ताकातही चालू असल्याचे मान्य केले. कर आल्याशिवाय राज्य चालत नाही, हा त्यामागचा विचार होता. राजाच्या हक्काला लोककल्याणाचा आधार मिळाला.

कंपनी अवसायनात मात्र हा हक्क हळूहळू आक्रसत गेला. १९५६ च्या कंपनी कायद्याने सरकारला अग्रक्रम दिला तो शेवटच्या बारा महिन्यांत देय झालेल्या करापुरता, आणि त्याच पंक्तीत कामगारांच्या जास्तीत जास्त चार महिन्यांच्या वेतनाला बसवले. गिरण्या आजारी पडू लागल्या तेव्हा हे पुरेनासे झाले. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू केलेली एम्प्रेस मिलही त्यातून सुटली नाही. १९८६ मध्ये राज्य शासनाला खास कायदा करून ती ताब्यात घ्यावी लागली. त्याच्या आदल्याच वर्षी कंपनी कायद्यात ५२९-अ हे कलम आले. त्यामुळे कामगारांची देणी तारण असलेल्या धनकोंच्या बरोबरीने, सरकारी करांच्या पुढे, पहिल्या पंक्तीत आली. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ ने सरकारला आणखी खाली नेले. अवसायनाचा खर्च, कामगार आणि तारणधारक, इतर कर्मचारी, विनातारण वित्तीय धनको, आणि मग पाचव्या क्रमांकावर सरकार.

सरकारने हे मुकाट्याने स्वीकारले नाही. विक्रीकराच्या कायद्यांत ‘पहिला बोजा’ नावाची तरतूद घालून राज्यांनी पुढे जाण्याची दुसरी वाट शोधली. मुंबई विक्रीकर कायद्याच्या कलम ३८-सी मधील असा बोजा बँकांच्या तारणापेक्षा वरचढ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितले. पुढे संसदेने कायदा बदलला. ३० ऑगस्ट २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात, केंद्रीय नोंदणी केलेले तारण राज्याच्या करापुढे असल्याचा निर्णय दिला. आठवडाभरातच, ६ सप्टेंबरला, ‘रेनबो पेपर्स’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या करखात्याला दिवाळखोरी संहितेखाली तारणधारकाचा दर्जा दिला. २०२३ मध्ये ‘रमण इस्पात’ प्रकरणात त्याच न्यायालयाने तो निर्णय त्या प्रकरणाच्या तथ्यांपुरता असल्याचे म्हटले.

या दीडशे वर्षांत सरकार वर-खाली झाले, बँका पुढे गेल्या, कामगार उशिरा का होईना वर आले. उधारीवर माल देणारा मात्र जागचा हलला नाही. १८६८ मध्ये तो राजाच्या मागे होता. २०१६ च्या संहितेत तो ‘उरलेली देणी’ या सहाव्या क्रमांकावर, पुन्हा सरकारच्या मागे आहे. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. पण खरेदीदारच अवसायनात गेला तर त्या कायद्याने रांगेतली जागा बदलत नाही.

त्यातच वस्तू व सेवा कर. बिल केले की पैसे येवोत न येवोत, कर भरावाच लागतो आणि बुडीत उधारीवरचा कर परत मिळत नाही. म्हणजे बुडालेल्या मालावरचा कर त्याने आधीच पदरचा भरलेला असतो. तरी रांगेत सरकार त्याच्या पुढे उभे राहते.

सरकारजवळ वसुलीची यंत्रणा आहे, जप्तीचा अधिकार आहे आणि कायदे बदलण्याची ताकदही आहे. बँकेजवळ तारण आहे. कामगारांमागे संघटना होती, म्हणून १९८५ घडले. छोट्या पुरवठादाराजवळ फक्त त्याची वही आहे. खजिना सर्वांचा म्हणून सरकारचे देणे आधी, हा युक्तिवाद मान्य केला तरी, त्या ‘सर्वां’त वहीवाला येतो की नाही, हे एकदा स्पष्टपणे सांगण्याची जबाबदारी कायदेमंडळाची आहे.