कुमारवाचक आणि सलग पद्यकथा

कुमारवयाच्या मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, हा प्रश्न शिक्षकांना नवा वाटतो. वस्तुतः एके काळी त्याचे उत्तर घरातच मिळत असे. श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’ (१७०२), ‘रामविजय’ (१७०३) व ‘पांडवप्रताप’ (१७१२) हे ग्रंथ मुलांसाठी रचलेले नव्हेत. तरी चातुर्मासात ते घरी वाचले जात, तेव्हा वडीलमंडळींच्या मागे बसलेले दहा-बारा वर्षांचे मूल सबंध कथा ऐकत असे. ओवीची ठेवण सैल, बोलण्याच्या जवळची. एखादा संस्कृत शब्द न कळला तरी कथा अडत नसे, आणि अध्याय संपला की उद्याची ओढ लागे.

शाळा आली आणि ही सलगता तुटली. परशुरामपंततात्या गोडबोले यांच्या ‘नवनीता’ने (१८५४) प्राचीन कवितेवर थोर उपकार केले, हे निर्विवाद होय, परंतु त्यामागून वेच्यांची सवयही आली. कविता म्हणजे अन्वय लावून पाठ करावयाच्या वीसपंचवीस ओळी, असा समज रुजला. कथा गद्याकडे गेली. विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ (१८८१) आणि वासुदेव गोविंद आपट्यांचे ‘आनंद’ (१९०६) या मासिकांनी ती मोठ्या निष्ठेने सांभाळली.

बडोद्याचे उदाहरण येथे विशेष बोलके आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास आणविले, आणि गावोगाव ग्रंथालये उभारली. खर्चाचा एक तृतीयांश गावाने उभा करावा, उरलेले दोन वाटे प्रांत पंचायत व सरकार यांनी द्यावेत, अशी ती व्यवस्था होती. पुढे ‘श्री सयाजी बालज्ञानमाला’ निघाली. नावातच ‘ज्ञान’ आहे! मुलाने पुस्तक उघडावे ते काही शिकण्यासाठी, ही त्या काळची सर्वमान्य दृष्टी.

गंमत अशी की याच दरबाराने चंद्रशेखरांना आणि त्यांच्यानंतर यशवंतांना राजकवी केले, आणि दोघेही कथा पद्यात सांगणारे. यशवंतांची ‘बंदीशाळा’ (१९३२) बालगुन्हेगाराची करुण कहाणी सांगते. तिचा नायक वाचकाच्याच वयाचा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलास याहून जवळचे काव्य क्वचितच सापडेल. पण ती आपण प्रौढांच्या कपाटात ठेवली.

वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर येथील आजच्या मराठी मुलाची अडचण निराळी आहे. मराठी त्याच्या कानास ओळखीची, डोळ्यास परकी. शाळा गुजराती, हिंदी वा इंग्रजी. जाड गद्य कादंबरी पाहून ते दचकते. त्याला ऐकू येणारे पुस्तक हवे. म्हणून माझी शिफारस प्रथम ‘पांडवप्रतापा’तील एका सबंध अध्यायाची आणि वरच्या वर्गांस ‘बंदीशाळे’ची. दोन्ही शिक्षकाने मोठ्याने, तीन-चार तासांत विभागून वाचावीत. फळ्यावर शब्दार्थ लिहू नयेत. मुले विचारतील तेवढेच सांगावेत, आणि पाठांतर तर मुळीच मागू नये.