श्वानाचा खाऊ

दिवाळीच्या फराळावर घरच्या मुलांइतकाच दारच्या कुत्र्याचाही डोळा असतो. त्याच्या खाऊलाही इतिहास आहे. १८६० च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने गहू, बीट, भाज्या व मांस यांची बिस्किटे कुत्र्यांसाठी काढली आणि घरच्या तुकड्याच्या जागी दुकानातला खाऊ आला.

तो पुन्हा घरी आणू पाहिला मँचेस्टरला १९१२ साली जन्मलेल्या ज्युलिएट द बैराक्ली लेव्ही यांनी. पशुवैद्यकाचे शिक्षण सोडून त्या जिप्सींकडून झाडपाला शिकल्या. १९५० च्या दशकात कुत्र्यांच्या वनौषधींवर त्यांनी ग्रंथही लिहिला. त्यांची मोठी भिस्त लसणीवर होती. आज मात्र पशुवैद्य बजावतात, की कांदा-लसणीने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि बेदाण्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

मला या इतिहासातून एवढेच उमगते, की जे पाल्याचे ते निरुपद्रवी, हा समज मायेपोटी आला तरी घातकच. तेव्हा बेदाण्याचा लाडू त्याच्यापुढे टाकू नका. शिजवलेला तांबडा भोपळा, कणीक व थोडी कोथिंबीर यांची, मीठ-साखरेवाचून भाजलेली वडी द्या. त्याची दिवाळी तेवढ्यात गोड होते.