मुभा आणि हक्क : उरणच्या किनाऱ्यावरून दिसणारा धर्मस्वातंत्र्याचा इतिहास

'मुभा' आणि 'हक्क' हे दोन्ही शब्द मूळ अरबी असून फारसीच्या मार्गाने मराठीत रूढ झाले. पहिल्याच्या मुळाशी 'ज्यास मनाई नाही ते' एवढाच अर्थ आहे. दुसऱ्याच्या मुळाशी सत्य, अधिकार आणि देणे हे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. मुभा देणारा ती काढूनही घेऊ शकतो. हक्काचे तसे नाही. उत्तर कोकणातील कॅथलिक समाजाच्या धर्मस्वातंत्र्याचा इतिहास हा मुभेकडून हक्काकडे झालेला प्रवास आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

उरण म्हणजे जुन्या कागदपत्रांतील करंजा बेट. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांस दिल्यानंतर त्यांच्या 'उत्तर प्रांता'ची जी घडण झाली, तीत करंजाही समाविष्ट होते. या राज्यात धर्मप्रसार हे राजसत्तेचेच एक कार्य मानले जाई. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायपीठ स्थापन झाले. ते १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. सक्तीची झळ भाषेसही लागली. ज्या गोव्यात १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' छापले गेले, तेथेच १६८४ मध्ये लोकभाषा सोडून पोर्तुगीज स्वीकारण्याचा हुकूम निघाला. स्वधर्मीयांचे राज्य असूनही सामान्य ख्रिस्ती माणसास स्वातंत्र्य होतेच असे नव्हे, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावयास हवी.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. शरणागतीच्या अटींत, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपल्या धर्माप्रमाणे उपासना करता येईल, असे कलम होते. त्या काळातील युरोपचा विचार करता हे कलम उदार म्हटले पाहिजे. तथापि ती जेत्याने जितास दिलेली मुभा होती. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी, घारापुरी यांसह करंजा इंग्रजांकडे कायम झाले. राज्यकर्ते पुन्हा ख्रिस्ती, परंतु बहुतांशी प्रॉटेस्टंट पंथाचे. १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणास पन्नास वर्षे झाली त्या सुमारास, येथील कॅथलिकांतील पुढाऱ्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. गोमंतकीय ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे व कंपनी सरकारचे जुने प्रजाजन आहोत, हे त्यांस दर्शवावयाचे होते. नावामागील ही भूमिका प्रजेची होती, नागरिकाची नव्हे.

नागरिकाची भूमिका याच समाजातील जोसेफ 'काका' बॅप्टिस्टा (१८६४–१९३०) यांच्या जीवनात स्पष्ट दिसते. माझगावच्या माथारपाखाडीतील हे बॅरिस्टर टिळकांचे स्नेही होते. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या टिळकांच्या होमरूल लीगचे ते अध्यक्ष झाले, १९२१ मध्ये झरिया येथील कामगार काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले आणि १९२५ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. आपल्या समाजासाठी सवलत मागण्याऐवजी सर्वांसाठी स्वराज्य मागणे, हा त्यांचा मार्ग होता.

हाच मार्ग घटना परिषदेत पुढे गेला. मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा सोडण्याचा निर्णय झाला. तो ठराव मांडणारे हरेंद्रकुमार मुखर्जी स्वतः ख्रिस्ती होते आणि कॅथलिक धर्मगुरू जेरोम डिसूझा यांनी त्यास पाठिंबा दिला. संरक्षक कुंपण सोडून या समाजाने बहुसंख्याकांच्या न्यायबुद्धीवर विश्वास टाकला. घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने सद्सद्विवेकाचे आणि धर्माचरण व प्रसार यांचे स्वातंत्र्य सर्व व्यक्तींस समान दिले. मात्र ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन ठेवले.

रोमला या विचाराशी जुळवून घेण्यास अधिक काळ लागला. १८६४ मध्ये नवव्या पायस यांनी ज्या आधुनिक मतांचा निषेध केला, त्यांत धर्मस्वातंत्र्याचे मतही होते. ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मात्र हे स्वातंत्र्य मानवाच्या प्रतिष्ठेतच रुजलेले असल्याचे घोषित केले. त्याच घोषणापत्रात, धर्मप्रसार करताना बळजबरी वा अनुचित आग्रह, विशेषतः गरीब व अशिक्षितांच्या बाबतीत, वर्ज्य ठरविला. करंजावर ज्या राज्यपद्धतीचा अंमल होता, तिचा हा एका अर्थी त्यागच होय.

१९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, धर्मप्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा अधिकार येत नाही, असा निर्णय देऊन मध्य प्रदेश व ओरिसा येथील कायदे वैध ठरविले. बळजबरी निषिद्ध, येथवर न्यायालय आणि परिषद यांचे एकमत आहे. मतभेद पुढे सुरू होतो. शाळा वा दवाखाना यांतील सेवेस आमिष कधी म्हणावे? आणि स्वेच्छेने श्रद्धा बदलणाऱ्याने त्याचा हिशेब सरकारला का द्यावा? या प्रश्नांचा निर्णय केवळ संख्याबळावर होऊ नये. तसे झाल्यास हक्क पुन्हा मुभेच्या पातळीवर येईल.

'हक्क' या शब्दातील 'देणे' हा अर्थ येथे उपयोगी पडतो. उरणसारख्या तालुक्यात आगरी-कोळी समाजाच्या शेजारी मूठभर संख्येने राहणाऱ्या कॅथलिकास जे स्वातंत्र्य स्वतःसाठी हवे, ते शेजाऱ्यास मिळते की नाही हे पाहणे, हे त्याचे देणे आहे. शेजाऱ्याकडेही त्याचे तेवढेच येणे आहे. वसईच्या तहातील कलम एका विजेत्याच्या औदार्यावर उभे होते. पंचविसावा अनुच्छेद या परस्पर देण्याघेण्यावर उभा आहे.